पाच वाजताचा ताप

आमच्या घरी थर्मामीटर होतं, पण ते कपाटात पडून असायचं. ताप पाहायचं खातं माझ्या आईच्या उजव्या हाताकडे. आधी तळवा कपाळावर, मग हात उलटा करून मानेखाली, आणि मग निकाल. निकाल तीनच. "थंडं हाये," "कणकण हाये," नाहीतर "आंग जळून राह्यलं." या निकालावर अपील नव्हतं. मी बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत शाळेत जायचं की नाही, कामावर जायचं की नाही, दवाखान्यात जायचं की नाही, हे सगळं त्या हाताने ठरवलं.

ज्यांना माझ्यासारखं औषध चालू आहे किंवा लवकरच चालू होणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधाची भीती घालायला नाही. त्याच औषधामुळे मी आज उभा आहे. पण त्या औषधाने आमच्या घरातला तो हात निकामी केला, आणि हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

भोंगा

मी दर्यापूरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर आहे. कापसाची गाडी आली की पुंजका उचलायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा पुन्हा ओढून धागे सरळ करायचे आणि लांबी पाहायची. माझं सगळं पोट अंगठ्यांवर आणि मनगटांवर. दिवाळीनंतर हंगाम ऐन भरात असताना दोन्ही मनगटं सुजली. घसा दुखायला लागला. आणि एक दिवस संध्याकाळी पाचचा भोंगा वाजत असताना मला थंडी भरून आली.

दुसऱ्या दिवशी पाचलाच. तिसऱ्या दिवशीही पाचलाच. दात वाजायचे, अंग भाजून निघायचं, छातीवर फिकट लालसर पुरळ उठायचं. तीनचार तासांनी घाम फुटून ताप उतरायचा आणि पुरळही जायचं. सकाळी मी अगदी ठणठणीत. त्यामुळे दवाखान्यात फार पंचाईत व्हायची, कारण डॉक्टर सकाळी तपासणार आणि सकाळी माझ्या अंगावर दाखवण्यासारखं काहीच नसणार. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉईडची इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. एका डॉक्टरांनी मला अगदी मायेने विचारलं, "कामाचं फार टेन्शन आहे का?" मी त्यांच्यावर चिडलो आणि घरी येऊन स्वतःवरही संशय घेतला.

आईला मात्र कसलाच संशय नव्हता. "घड्याळ पाहून येते, मंजे आजार नाई थो. बाहेरचं हाये." ती रोज साडेचारला मीठ-मोहरी घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. माझी बायको वंदना शाळेत विज्ञान शिकवते. तिला हे बघवत नसे. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि माझ्यामार्फत बोलू लागल्या. "तिले सांग, भाजीत मीठ कमी हाये." "त्यांना सांगा, मीठ सगळं ओवाळण्यात गेलं." आज हसू येतं. तेव्हा मी पलंगावर पडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असायचो. मोठा काटा बाराकडे सरकायला लागला की मला दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. मी शिकलेला माणूस आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरीही पावणेपाचला मी वंदनाला दार लावून घ्यायला सांगायचो.

फोटो

मग अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस. तिथे कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा काढली. तपासणीच्या कागदावर कॅन्सरचा शब्द प्रश्नचिन्हासह लिहिलेला मी चोरून वाचला, आणि दोन दिवस कुणाला बोललो नाही. वंदनाने तो आधीच वाचला होता. तीही बोलली नव्हती. आम्ही दोघं एकमेकांना संत्री सोलून देत होतो.

तो कॅन्सर नव्हता. काय आहे हेही कळत नव्हतं. शेवटी वंदनाने केलेली एक साधी गोष्ट कामी आली. तिने रोज पाच वाजता माझ्या छातीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. तिथल्याच एका डॉक्टरांनी ते फोटो ओळीने पाहिले, मनगटं दाबली, आणि अकोल्याच्या एका डॉक्टरबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. तुम्हाला कुणाला असा येऊनजाऊन असणारा आजार असेल तर फोटो काढून ठेवा, वेळ लिहून ठेवा. आपल्या बोलण्यापेक्षा डॉक्टर त्याला जास्त मानतात.

अकोल्याच्या डॉक्टरबाई सांध्यांच्या आजारांच्या. मूळच्या तेल्हाऱ्याच्या. आधी शुद्ध मराठीत बोलल्या, पण माझ्या आईने "कोनतं गाव वो तुमचं?" विचारल्यावर त्याही वऱ्हाडीत आल्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. एका साहेबाच्या नावावरून पडलेलं ते नाव मी इथे देत नाही. नाव वाचून लोक इंटरनेटवर जातात आणि झोप घालवून बसतात.

"हा ताप जंतूचा नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या शरीरात एक जन्मजात पहारा असते. चोर कोण, कुठचा, काही इचारत नाई, खुट्ट झालं का बोंब मारते. तुमच्यात चोर आलाच नाई, अन् पहारा रोज बोंब मारून राह्यला."

"पाच वाजताच काहून?" आईने विचारलं.

"ते मलेही नाई सांगता येत, मावशी."

आईला ते उत्तर फार आवडलं. बाईंना माहीत नाही म्हणजे आपलंही अगदीच चूक नाही, असा तिने अर्थ काढला. पण त्या दिवसापासून मीठ-मोहरी बंद झाली.

बोळा

स्टेरॉईडने ताप थांबला. डोस कमी केला की पुन्हा पाच वाजता हजर. असं तीनदा झालं. तेव्हा बाईंनी दुसरं औषध काढलं, महिन्यातून एकदा सलाईनमधून द्यायचं. त्या समजावून सांगू लागल्या. पहाऱ्याची बोंब म्हणजे रक्तातून फिरणारा एक निरोप. पेशींवर तो निरोप घेणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. निरोप तिथे पोचला की पेशी पेटतात आणि ताप, सूज, दुखणं सुरू होतं. हे औषध म्हणजे कारखान्यात तयार केलेली अँटिबॉडी. ती जाऊन नेमक्या त्याच जागेवर बसते.

"मंजे कानात बोळा घालाचा," मी म्हणालो.

बाई हसल्या. "कुठून सुचलं हे?"

"आमच्या जिनिंगात घालतात. मशीनचा लय कालवा असते. मानसं कापसाचा बोळा करून कानात घालतात, मंग ऐकूच येत नाई."

"बरोब्बर. तसंच समजा. पहारेकरी बोंब मारन, पन पेशीले ऐकू येनार नाई." मग त्यांचं हसू थांबलं आणि त्या पुन्हा पुस्तकी मराठीत आल्या. "फक्त एक लक्षात ठेवा. खरंच काही जंतुसंसर्ग झाला, तरी ताप येईलच असं नाही. कुठे लागलं, पिकलं, दम लागला, अंगात त्राण नाही असं वाटलं, तर ताप नसला तरी मला लगेच कळवायचं."

मी मान हलवली. वंदनाने वहीत लिहून घेतलं. आमच्या जिनिंगमध्ये एकदा कापसाच्या गंजीला आग लागली होती. सगळे "आग, आग" ओरडत पळाले, आणि कानात बोळे घातलेले दोघं मशीनपाशी काम करत राहिले. मीच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं होतं. म्हणजे बाई काय सांगत होत्या ते मला सांगायची गरजच नव्हती. जगात कुणाला कळायला हवं होतं तर ते मला. मी मान हलवली आणि विसरलो.

क्षयाची तपासणी वगैरे होऊन पहिलं सलाईन लागलं. एक तासाचं काम. सिस्टरने विचारलं, "भीती वाटते का?" मी म्हणालो, "बरं हाये." तिने प्रश्न वेगळा विचारला होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्या संध्याकाळी दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं. पाच वाजले. आईने हात ठेवला.

"थंडं हाये," ती म्हणाली, आणि खाली बसून ढसाढसा रडली. आमच्या घरात त्याच्याइतका चांगला शब्द त्या वर्षी कुणी ऐकला नव्हता. औषधाचं नाव तिला म्हणता येईना, म्हणून ती त्याला बोळ्याचं औषध म्हणू लागली, आणि घरात तेच नाव रुळलं.

शांतता

मनगटं परत आली. मी पुन्हा कापूस ओढू लागलो. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. आता जे सांगतो ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मला पाच वाजता भीती वाटायची. भोंगा वाजला की मी भिंतीला टेकून उभा राहायचो आणि वाट पाहायचो. ताप यायचा नाही. तो गेला असं मला एकदाही वाटलं नाही. तो इथेच आहे, फक्त मला ऐकू येत नाही, असं वाटायचं. घरात एखादी खोली कायमची बंद करून आपण समोरच्या खोलीत जेवायला बसावं, तसं. मी जेवायचो, हसायचो, आणि कान त्या खोलीकडे असायचे. वंदनाने एकदा विचारलं, "एवढे गप्प काहून असता?" मी म्हटलं, "बरं हाये."

खुंट

चौथ्या सलाईननंतर दोन आठवड्यांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात फरदडीचा, म्हणजे मुख्य वेचणीनंतर त्याच झाडांना पुन्हा आलेला, कापूस पाहायला गेलो होतो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कापून नेलेल्या ओळीत एक टोकदार खुंट चपलेतून तळव्यात शिरला. वऱ्हाडात हे इतकं रोजचं आहे की कुणी त्याबद्दल बोलतसुद्धा नाही. पाय धुतला, हळद भरली.

दोन दिवसांनी पाऊल जरा जड वाटलं. लाल नव्हतं, फार सुजलंही नव्हतं. आईने कपाळाला हात लावला. "थंडं हाये. काही नाई होत." तिसऱ्या दिवशी जेवण जाईना. पुन्हा हात. "थंडं हाये." वंदनाचं मन मानेना, तिने थर्मामीटर काढलं. ते आईच्या बाजूने निघालं. तरी तिने अकोल्याला फोन लावला, पायात खुंट शिरल्याचं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"बरं हाये, मॅडम."

"ताप?"

"नाई. अजिबात नाई." मी हे छाती काढून सांगितलं. इतक्या महिन्यांनी सांगायला मिळत होतं. जेवण जात नाही, पाय जड आहे, हे मी सांगितलं नाही. त्यात काय सांगायचं, असं वाटलं. त्या म्हणाल्या, उद्या येऊन पाय दाखवून जा. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, कारण गाड्यांची रांग लागली होती.

दुपारी हातातला धागा मला वाचता येईना. ओढत होतो, पाहत होतो, पण लांब की आखूड हे ठरत नव्हतं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. काट्यावरचा मापारी म्हणाला, "साहेब, घरी जा, तोंड पांढरं पडलं तुमचं." मी त्याला म्हटलं, "पाच वाजू दे, मंग जातो." तो म्हणाला, "साडेपाच झाले. भोंगा वाजला ना मघाशी."

मला भोंगा ऐकू आलाच नव्हता. तेवढं कळलं आणि मी कापसाच्या ढिगात बसलो. पुढचं मला आठवत नाही.

दोन साक्षी

अकोल्याला पाय चिरला. घोट्यापर्यंत पू होता, आणि संसर्ग रक्तात गेला होता. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढले. त्या पाच दिवसांतलं मला फक्त छत आठवतं, आणि कुणीतरी सतत माझं नाव विचारत होतं ते. पाय वाचेल की नाही, आणि नंतर मी वाचेन की नाही, हा प्रश्न बाहेर बाकावर बसलेल्या दोघींना होता. माझ्यामार्फत बोलायची सोय उरली नाही, म्हणून तिथे त्या पहिल्यांदा एकमेकींशी सरळ बोलल्या.

शुद्धीवर आल्यावर बाई आल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्या स्टूल ओढून बसल्या.

"इथं आनलं तवा, बोळ्यामुळे सूज दाखवनारी रक्ताची तपासनीही नॉर्मल आली होती तुमची. कागद म्हने बरं हाये, तुमी म्हने बरं हाये. दोघंही खोटे साक्षीदार." मग म्हणाल्या, "मी तेल्हाऱ्याची. आमच्या इकडे साप डसला तरी मानूस बरं हाये म्हनते. मले समजाले पायजे होतं. मीच दुसरा प्रश्न इचारला नाई."

डॉक्टरने असं म्हणावं याची मला सवय नव्हती. मी काय बोलावं म्हणून "असू द्या" म्हणालो, आणि त्या म्हणाल्या, "असू द्याही नका म्हनू."

त्या दुपारी भेटायच्या वेळेला आई आत आली. नेहमीप्रमाणे माझ्या डोक्याशी उभी राहिली, पण हात पदरात गुंडाळलेला.

"पाह्य ना, कसं हाये," मी म्हटलं.

"नाई."

"काहून?"

ती स्टुलावर टेकली. मग म्हणाली, "तुह्या बापाच्या वेळेसही हाच हात होता."

माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना वारले. सात दिवस ताप होता, मग ताप उतरला आणि ते गेले, एवढंच मला घरात सांगितलेलं. कसं ते कधी विचारलं नव्हतं.

"सातव्या दिवशी हात लावला. थंडं लागलं. मले वाटलं, गेला एकदाचा ताप. म्या इचारलं, कसं वाटते, तं म्हने बरं हाये. मंग म्या बैलगाडी जोतली होती, थे सोडाले लावली. दवाखान्यात न्याचं होतं ना. म्हटलं, आता कायले." तिने पदरातला हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला. "थो थंडेपना बरा व्हयाचा नोता, गजू. म्या तवाबी ओयखला नाई, अन् आताबी नाई."

तेहतीस वर्षं ती आमच्या कपाळांवर हात ठेवत होती तो का, हे मला त्या दिवशी कळलं.  माझे ओठ "बरं" म्हणायला उघडले होते, ते मी मिटले.

गरम

संसर्गामुळे बोळ्याचं औषध थांबवलं होतं. घरी आल्यावर काही आठवड्यांत एका संध्याकाळी मला थंडी वाजून आली. घड्याळात पाच. आईने नको नको म्हणत हात लावला आणि ओरडली, "वंदना! गरम हाये! आंग जळून राह्यलं याचं!" वंदना धावत आली आणि दोघी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, जणू पाहुणा आला. मी थरथरत होतो आणि मलाही बरं वाटत होतं. दारामागे उभा असलेला शेवटी समोर तरी आला. इतका वेडेपणा आमच्या घराने कधी केला नव्हता.

पण त्या तापात मनगटं पुन्हा गेली. पेलाही धरता येईना. बाई म्हणाल्या, औषध पुन्हा सुरू करायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी दोन्ही बाजू सांगते. ऐकू येणारा आजार की ऐकू न येणारा धोका, यातलं एक निवडायचं होतं. मी बोळा निवडला. अंगठे हवे होते. हे शूरपणाने ठरवलं असं समजू नका. 

तुमचं हे औषध असेल तर माझं एवढंच सांगणं आहे. थर्मामीटरवर विसंबू नका. पायाला लागलं, तोंड आलं, खोकला झाला, जेवण जाईनासं झालं, तर ताप नसतानाच फोन करा. आणि फोनवर आमच्यासारखं बोलू नका.

आमच्या घरी "बरं हाये" या शब्दाला आता बंदी आहे. बंदी आईने घातली. रोज पाचचा भोंगा वाजला की ती माझ्याजवळ येऊन बसते. हात आधी सवयीने कपाळाकडे निघतो, मग तो ती मांडीवर ठेवते आणि विचारते, "काय होऊन राह्यलं, सांग." मला सांगावं लागतं. जेवलो का, पाय कसा आहे, दम लागला का. सुरुवातीला मी उलटतपासणीला उभा राहिल्यासारखा तुटक बोलायचो. बेचाळीस वर्षं ज्याच्या अंगाला विचारलं गेलं, त्याला तोंडाने उत्तर द्यायला वेळ लागतो.

परवा तिने विचारलं. पाय ठीक होता. पोटभर जेवलो होतो. दम नव्हता. मी सगळं सांगितलं. ती उठेना.

"अजून?"

"काही नाई."

"अजून सांग."

बाहेर गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. मी म्हटलं, "भेव वाटून राह्यलं, माय. रोज वाटते. पाच वाजले का वाटते."

तिने मांडीवरचा हात उचलला आणि माझ्या कपाळावर ठेवला. उलटा करून पाहिला नाही, मानेखाली नेला नाही. कसलाही निकाल न देता तो बराच वेळ तिथेच राहिला.

"मलेही," ती म्हणाली.